इंग्रजी बोलण्याचे क्लास, ऐकण्याची वानवा

पिंपरी, आकुर्डी, भोसरी या भागांत विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या पाठीवर एक जाहिरात वर्षानुवर्षे टिकून आहे. काही आठवड्यांत फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवण्याची हमी ती देते. क्लासचे नाव आणि शुल्क बदलते. 'फाडफाड' हा शब्द मात्र बदलत नाही. मराठवाड्यातून, खानदेशातून आणि विदर्भातून शिकण्यासाठी या पट्ट्यात आलेला विद्यार्थी पोटाला चिमटा काढून हे शुल्क भरतो. इंग्रजी बोलता आले की नोकरी मिळते, अशी त्याची समजूत असते आणि ती अगदीच चुकीची नाही. पण बोलण्याच्या आधी एक पायरी असते, ती म्हणजे समोरच्याने काय विचारले हे कळण्याची. ती पायरी शिकवण्याची हमी देणारी जाहिरात कोणत्याही खांबावर दिसत नाही.

महाविद्यालयातील नोकरभरतीच्या मुलाखतीत ही उणीव अचानक उघडी पडते. विद्यार्थ्याचा विषय पक्का असतो, लेखी चाचणीत गुणही बरे असतात. मात्र पडद्यावरील अधिकारी एका दमात वीस-पंचवीस शब्दांचे वाक्य टाकतो आणि त्यातले पाच-सहा शब्दच कानाला लागतात. विद्यार्थी त्या शब्दांच्या आधारे प्रश्नाचा अंदाज बांधतो आणि विचारलेच नव्हते त्याचे उत्तर देतो. समोरचा अधिकारी 'संवादकौशल्य कमी' असा शेरा मारतो. शेरा वाचून विद्यार्थी पुन्हा बोलण्याच्याच क्लासला जातो. निदानच चुकले की औषध लागू पडत नाही, हे येथे वर्षामागून वर्षे घडते आहे.

ही अडचण केवळ मुलाखतीपुरती असती तर ती काही सूचनांनी भागली असती. परंतु या औद्योगिक पट्ट्याची घडणच अशी आहे की परक्या तोंडची इंग्रजी येथे रोजच्या कामाचा भाग झाली आहे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, तो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर टेल्को, बजाज यांच्यासह मोठमोठे कारखाने या माळरानावर आले. दापोडी-चिंचवड भागात स्वीडिश कंपन्याही आल्या. म्हणजे परदेशी माणूस येथे नवा नाही. फरक आहे तो मधल्या माणसांचा. त्या काळात परदेशी तंत्रज्ञाचे बोलणे व्यवस्थापकापर्यंत पोहोचे, व्यवस्थापक ते अभियंत्याला समजावे, अभियंता पर्यवेक्षकाला, आणि कामगारापर्यंत ते येई तेव्हा त्याचे पूर्ण मराठी झालेले असे. 'जॉब', 'गेज', 'रिजेक्शन', 'ब्रेकडाऊन' हे शब्द त्याच वाटेने येथील मराठीत मुरले.

चाकणने हे चित्र बदलले. फोक्सवॅगनचा चाकणमधील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. पिंपरीत टेल्कोच्या आवारातून भारतातील वाटचाल सुरू करणारी मर्सिडीज-बेंझही त्याच वर्षी चाकणला गेली. ब्रिजस्टोनसारखी जपानी कंपनी आली. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईच्या ताब्यात गेला. या मोठ्या कारखान्यांभोवती सुट्या भागांचे शेकडो लहान-मध्यम पुरवठादार आहेत आणि त्यांचे ग्राहक अनेकदा परदेशात आहेत. गुणवत्तेची तक्रार आली की संगणकाच्या पडद्यावर बैठक भरते. तिला वरिष्ठांबरोबर नुकताच रुजू झालेला बावीस वर्षांचा अभियंताही बसवला जातो, कारण आकडे त्याच्याजवळ असतात. मधली माणसे गळून गेली. परक्याचा आवाज थेट त्याच्या कानावर येऊन आदळतो.

आणि हा आवाज पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजाचा नसतो. तो जर्मन, कोरियन, जपानी किंवा इटालियन माणसाचा असतो. त्याचीही इंग्रजी ही मातृभाषा नव्हे. भाषाभ्यासकांनी याचा विचार गेली कित्येक दशके केला आहे. ब्रज काचरू यांनी १९८० च्या दशकात इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली आणि ही भाषा आता केवळ ब्रिटन-अमेरिकेच्या मालकीची राहिलेली नाही, हे दाखवून दिले. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल यांनी १९६९ मध्ये भारतीय इंग्रजी परक्यांना कितपत समजते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपले बोलणे त्यांना कळते का, ही आपली जुनी काळजी आहे. त्यांचे बोलणे आपल्याला कळते का, या उलट प्रश्नाला मात्र आपल्या वर्गात अजून जागा मिळालेली नाही.

वास्तविक इंग्रजीच्या प्रश्नाशी या परिसराचे नाते फार जवळचे आहे. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणण्याचा निर्णय जून २००० पासून अमलात आला, तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते प्रा. रामकृष्ण मोरे. ते याच मातीतले. १९८० आणि १९८४ मध्ये ते खेड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते, आणि चाकण हे खेड तालुक्यातच मोडते. त्यापूर्वी मराठी शाळेतील मुलाला इंग्रजी पाचवीत भेटत असे. निर्णयाला साहित्यिक आणि शिक्षणतज्ज्ञांच्या एका वर्गाने कडाडून विरोध केला; मोरे यांचा युक्तिवाद असा होता की श्रीमंतांच्या मुलांना जे मिळते ते खेड्यातील मुलाला का मिळू नये. मोरे २००३ मध्ये गेले. चिंचवडच्या प्रेक्षागृहाला आणि आकुर्डीच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

जून २००० मध्ये पहिलीत बसलेला विद्यार्थी २०१० मध्ये दहावी झाला आणि अभियांत्रिकीला गेला असेल तर २०१६ मध्ये पदवीधर झाला. म्हणजे त्या निर्णयाची फळे कारखान्यांच्या दारात येऊन दशक उलटले आहे. शब्दसंग्रह वाढला, इंग्रजी वाचण्याची भीती कमी झाली, हे मान्य करायला हवे. कान मात्र तिथेच राहिले. याचे कारण साधे आहे. पहिलीपासून इंग्रजी आली ती पुस्तकातून आणि फळ्यावरून. ज्या शिक्षकांवर ती शिकवण्याची जबाबदारी पडली त्यांनीही ती डोळ्यांनीच शिकलेली होती. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांसाठी ध्वनिकार्यक्रमांच्या आधारे इंग्रजी शिकवण्याचे जे काम केले, ते या अंधारातला एक कवडसा होते. मुख्य प्रवाह पुस्तकाचाच राहिला.

परीक्षेने काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. दहावीला भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेकडे, अशी रचना होती. त्या २० गुणांतच श्रवण आणि भाषण यांची चाचणी अपेक्षित होती. हे गुण शाळा सढळ हाताने देतात अशी ओरड झाली आणि मार्च २०१९ च्या परीक्षेत ते काढून टाकण्यात आले. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. पालक संतापले, आणि पुढील वर्षी २० गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ मध्ये अभ्यासक्रमही नवा होता आणि २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हे लक्षात घेऊनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. एवढ्या गदारोळात 'मुलांना ऐकून किती समजते' हा प्रश्न कोणी विचारला नाही. २० गुण हे श्रवणाचे मोजमाप नव्हते. तो निकालाचा टेकू होता. २०२५ च्या एप्रिल ते जून या काळात पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयांवरून जे वादळ उठले आणि २९ जूनला ते निर्णय मागे घेतल्यावर शमले, त्यातही चर्चा कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून यावरच झाली. कशी शिकवायची, हा मुद्दा नेहमीप्रमाणे मांडवाबाहेरच उभा राहिला.

महाविद्यालयात परिस्थिती सुधारावी, तर तेथे दुसराच पेच आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांत माध्यम इंग्रजी. पाठ्यपुस्तक इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी, उत्तरपत्रिकाही इंग्रजी. वर्गातले बोलणे मात्र 'आता हा शाफ्ट रोटेट झाला की लोड इकडे ट्रान्स्फर होतो' अशा धाटणीचे. यात शिक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. विषय समजावा म्हणून तो मुलांच्या भाषेत बोलतो आणि ते शहाणपणाचेच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की एखादा विद्यार्थी चार वर्षे 'इंग्रजी माध्यमात' शिकतो आणि त्या काळात सलग तासभर इंग्रजी त्याच्या कानावर पडलेली नसते. कला आणि वाणिज्य शाखांतील सक्तीच्या इंग्रजीचा भर धड्यांवर आणि लेखी उत्तरांवर. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषांमुळे अभियांत्रिकी महाविद्यालयांत भाषा प्रयोगशाळा असतात. त्या तपासणी समितीच्या भेटीपुरत्या उघडायच्या की रोज, हे ज्या त्या प्राचार्यांवर अवलंबून. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आलेल्या मुलांनाही या बाबतीत फार पुढे समजू नये. त्यांच्यापैकी अनेकांनी ऐकलेली इंग्रजी म्हणजे वर्गात मोठ्याने वाचून दाखवलेला धडा.

मग ऐकण्यात नेमके अडते कुठे? लिहिलेल्या वाक्यात शब्दाशब्दांत मोकळी जागा असते. बोललेल्या वाक्यात ती नसते. सलग ध्वनीच्या लडीतून शब्द वेगळे काढायचे काम कानाला करावे लागते. मराठी माणूस मराठीत ते नकळत करतो. इंग्रजीचा ताल मात्र मराठीहून वेगळा आहे. तीत काही अक्षरांवर जोर येतो आणि उरलेली गिळली जातात. अॅन कटलर या मानसभाषातज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकापासून केलेल्या संशोधनातून दिसले की इंग्रजी मातृभाषकाचा कान त्या जोरकस अक्षरांवरून नवा शब्द कुठे सुरू झाला हे ओळखतो. मराठीत प्रत्येक अक्षराला बहुधा त्याचा रास्त वाटा मिळतो. त्यामुळे 'कम्फर्टेबल' हा शब्द पाच अक्षरांनिशी शिकलेल्या विद्यार्थ्याच्या कानावर 'कम्फ्टबल' पडते, तेव्हा ओळखीचा माणूस वेष बदलून आल्यासारखे होते. 'व्हॉट डू यू' चे 'व्हॉड्य' आणि 'गोइंग टू' चे 'गॉना' ही त्याचीच उदाहरणे. शब्द माहीत नाही म्हणून अडत नाही. माहीत असलेला शब्द ओळखू येत नाही.

स्वरांचेही तसेच. शाळेत शुद्धलेखनासाठी दिन-दीन, सुत-सूत अशा जोड्या पाठ करून घेतल्या जातात. लिहिताना त्यांतला फरक महत्त्वाचा. बोलताना मात्र संदर्भावरूनच अर्थ लागतो, ऱ्हस्व-दीर्घाकडे कोणी कान देत नाही. ज्या कानाला हा भेद अर्थासाठी लागत नाही, त्याला इंग्रजीतील 'फिट' आणि 'फीट', 'फिल' आणि 'फील' वेगळे ऐकू येत नाहीत. एक शब्द दोन भागांच्या बसणीबद्दल असतो आणि दुसरा लांबीबद्दल, तेव्हा हा भेद यंत्रशाळेत महागात पडू शकतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' ही जोडी तर सर्वांत दगाबाज. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा दूरध्वनीवरून सांगितला जात असेल तर पंधरा आणि पन्नास यांच्या गफलतीचा अर्थ सांगायला नको. 'कॅन' आणि 'कान्ट' यांची तीच कथा. अमेरिकन तोंडून शेवटचा 'ट' जवळपास नाहीसा होतो आणि शुक्रवारी माल निघणार की नाही निघणार, हे त्या न ऐकू आलेल्या अक्षरावर ठरते.

त्यातच गोंगाट. शांत खोलीत परकी भाषा बऱ्यापैकी समजणाऱ्या माणसाचे आकलन आवाजात मातृभाषकापेक्षा कितीतरी वेगाने ढासळते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवर तर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला ध्वनी पोहोचतो, आणि 'स', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराच भाग त्याच्या वर असतो. प्रेसशॉपच्या शेजारच्या काचेच्या खोलीत बसून बैठक ऐकणाऱ्या नवख्या अभियंत्याला काही कळले नाही, तर त्याच्या बुद्धीबद्दल शंका घेण्याआधी एवढे लक्षात घ्यायला हवे.

यावर इलाज आहेत आणि ते खर्चिक नाहीत. 'रोज इंग्रजी बातम्या ऐका' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. न समजणारे बोलणे तासन्तास कानावरून वाहू दिल्याने कान तयार होत नाही. ब्रिटिश अभ्यासक जॉन फील्ड यांनी २००८ मधील आपल्या पुस्तकात वर्गातील नेहमीच्या पद्धतीवर हेच बोट ठेवले आहे. ध्वनिफीत लावायची, प्रश्न विचारायचे, उत्तरे तपासायची, यात परीक्षा होते, शिकवणे होत नाही. उत्तर चुकले तर कान नेमका कुठे घसरला हे शोधले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी आपल्याकडे जुनेच साधन आहे, ते म्हणजे श्रुतलेखन. एक-दोन मिनिटांचा ध्वनी घ्यावा, थांबत थांबत ऐकून लिहावा, मग छापील संहितेशी ताडून पाहावा. जिथे फरक पडला तो तुकडा पुन्हा ऐकावा. 'ऑफ' आणि 'हॅव' कुठे गिळले गेले, दोन शब्द कुठे एक झाले, हे लाल शाईने दिसू लागते. दहा मिनिटांचा हा उद्योग तासभराच्या निष्क्रिय ऐकण्यापेक्षा अधिक देऊन जातो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला संहितेसाठी लांब जाण्याचीही गरज नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरील व्याख्याने २००३ पासून तयार होत आली आहेत, ती मोफत आहेत आणि अनेकांची लिखित प्रतही मिळते. विषय परिचयाचा आणि उच्चार भारतीय असल्याने सुरुवात तेथून करणे सोयीचे. पुढे जर्मन किंवा कोरियन वक्त्यांकडे जावे, कारण काम त्यांच्याशीच पडणार आहे. ध्वनीचा वेग कमी करून ऐकण्याची सोय आता प्रत्येक मोबाइलवर आहे. तिचा उपयोग मर्यादित समजावा. गिळलेले अक्षर वेग कमी केल्याने परत येत नाही, ते फक्त सावकाश गिळले जाते.

चित्रपट आणि मालिका पाहून इंग्रजी सुधारते, असे विद्यार्थी म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण एका अटीवर. नेदरलँडमधील होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन धाटणीच्या इंग्रजीतील चित्रफिती दाखवल्या. ज्यांनी इंग्रजी अक्षरपट्टीसह पाहिले त्यांना तो अनोळखी उच्चार नंतर अधिक चांगला कळू लागला. ज्यांनी डच अक्षरपट्टी वाचली त्यांना नव्या वाक्यांच्या बाबतीत तोटाच झाला. हिंदी किंवा मराठी भाषांतर वाचत इंग्रजी मालिका पाहणाऱ्याचे मनोरंजन होते, कथाही कळते. कान मात्र सुट्टीवर असतो.

कंपन्यांनीही हात झटकून चालणार नाही. हिंजवडीतील सेवा कंपन्या निवडीसाठी पिअर्सनच्या व्हर्संटसारख्या यांत्रिक चाचण्या वापरतात. त्यात ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवावे लागते. परदेशी शिक्षणासाठीच्या आयईएलटीएसमध्ये श्रवणाचे ४० प्रश्न असतात आणि ध्वनी एकदाच ऐकवला जातो. बाजार श्रवण मोजतो, विद्यापीठ मोजत नाही. या दरीचा सर्वाधिक फटका बसतो तो ज्याच्या घरी इंग्रजी कधी ऐकूच आली नाही त्याला. कारखान्यांना आपल्या खऱ्या बैठकांतील गोपनीय नसलेले ध्वनिमुद्रण, आकडे आणि नावे वगळून, शेजारच्या महाविद्यालयांना देता येईल. निगडी, आकुर्डी, तळेगाव येथील महाविद्यालये आणि चाकणचे कारखाने यांच्यात अंतर काही किलोमीटरचेच आहे. मात्र चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीत ते कधीकधी दोन तासांचे होते. बसमध्ये अडकलेले विद्यार्थी कानात बोंडे घालूनच बसलेले असतात, ही त्यातली जमेची बाजू.

इंग्रजी ऐकण्याचा आग्रह म्हणजे मराठीला पाठ दाखवणे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मराठीतून सुरू केला. त्या वर्षी तंत्रशिक्षण परिषदेने देशातील ज्या १४ महाविद्यालयांना भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिली, त्यांत ते होते. विषय मातृभाषेतून समजला की इंग्रजीचा तास विषय समजून घेण्याच्या ओझ्यातून मोकळा होतो आणि तो निव्वळ भाषेसाठी, कानासाठी वापरता येतो. तसा तो वापरला जातो का, हे पाहण्याची वेळ आता आली आहे. चार वर्षांच्या हिशेबाने पहिली तुकडी २०२५ मध्ये पदवीधर होऊन बाहेर पडली. या मुलांना पहिल्या सहा महिन्यांत बैठकीतले किती समजले आणि शेजारी बसलेल्या इंग्रजी माध्यमाच्या सहकाऱ्याला किती, याची नोंद महाविद्यालयाने आणि त्यांना नोकरी देणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठेवली, तर विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे प्रथमच काही ठोस आकडे येतील.